वाटेवरचे विमानतळ

(बेंगळुरू येथील मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



बेंगळुरूत मराठी मंडळींसमोर विमानतळांवर बोलायचं म्हणजे धाडसच आहे. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांची मुलं कॅलिफोर्नियात आहेत. उरलेल्या निम्म्यांतले बरेच जण एचएएल, एनएएल नाहीतर इस्रोतून निवृत्त झाले आहेत. म्हणजे अर्ध्या सभेला प्रवास माझ्यापेक्षा जास्त कळतो आणि अर्ध्या सभेला विमान. मला बोलायला जागा उरते ती या दोहोंच्या मधली, जमिनीवरची. तेवढ्यावरच मी बोलणार आहे.

सुरुवात अलीकडच्या एका प्रवासापासून करतो. ९ जानेवारी २०२१ रोजी, तिथल्या घड्याळाप्रमाणे रात्री, सॅन फ्रान्सिस्कोहून एअर इंडियाचं बोइंग ७७७ निघालं आणि आपल्याकडच्या ११ जानेवारीच्या पहाटे बेंगळुरूच्या देवनहळ्ळी विमानतळावर उतरलं. कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्यासोबतच्या सगळ्या वैमानिक स्त्रिया होत्या, म्हणून ती बातमी गाजली, आणि गाजायलाच हवी होती. सुमारे १४,००० किलोमीटरचं अंतर, साधारण सतरा तास, आणि वाटेत एकही थांबा नाही. उत्तर ध्रुवाच्या बाजूने वाट. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात ही वाट वेडीवाकडी वाटते, पण घरात पृथ्वीचा गोल असेल तर दोऱ्याने मोजून पाहा. बेंगळुरू आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन गावांच्या रेखांशांत १६० अंशांचं अंतर आहे. आणखी वीस अंश असतं तर दोरा ध्रुवावरूनच गेला असता.

या मार्गावर विमानतळ कोणते, असं विचारलं तर तिकिटावरचं उत्तर दोन नावांचं आहे. माझ्या मते हे उत्तर दोन्ही अंगांनी अपुरं आहे. एक तर या सतरा तासांत विमान कितीतरी विमानतळांच्या आधाराने उडत असतं, फक्त तिथे उतरत नाही. दुसरं म्हणजे याच सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतून आशियाकडे येणारी एक जुनी हवाई वाट होती, तिच्यावर अर्धा डझन थांबे होते, आणि त्या वाटेवर भेटलेल्या दोन माणसांमुळे बेंगळुरूला आपला पहिला मोठा विमानतळ मिळाला. त्या दोघांतला एक सोलापूरचा होता.

वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा. घराणं मूळचं गुजराती जैन, पण सोलापुरात मुरलेलं. आपण त्यांना ओळखतो ते वालचंदनगरमुळे, सिंधिया स्टीम नॅव्हिगेशनमुळे, रावळगावच्या चॉकलेटांमुळे आणि पुढे प्रीमियरच्या मोटारींमुळे. त्यांचा सुरुवातीचा धंदा मात्र रेल्वेच्या कंत्राटांचा. लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर त्यांनी भागीदारी केली होती. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात बोरघाटातला रेल्वेमार्ग सुधारला गेला, तेव्हा बोगद्यांचं काम त्यांच्या कंपनीकडे होतं. त्याआधी मुंबईहून पुण्याला जाणारी गाडी खंडाळ्याखालच्या रिव्हर्सिंग स्टेशनात जाऊन थांबायची, इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचं आणि मग गाडी उलट दिशेने वर चढायची. १९२९ मध्ये नवी वाट सुरू झाली आणि ते स्टेशन संपलं. ते कुठल्याही गावासाठी नव्हतंच मुळी. इंजिनाला तो चढ एका दमात घेता येत नव्हता, एवढंच त्याच्या असण्याचं कारण होतं. आकाशातल्या वाटेचंही असंच आहे. थांबा कुठे येईल हे यंत्राचा दम ठरवतो. गावाची थोरवी, लोकसंख्या, देवस्थान यांचा त्यात फारसा संबंध नसतो.

१९३९ मध्ये वालचंद मोटारींच्या कारखान्याची बोलणी करायला अमेरिकेत होते. परत निघाले ते पॅन अमेरिकन कंपनीच्या ‘क्लिपर’ने, पॅसिफिकवरून. ही वाट जरा सावकाश पाहू या.

क्लिपर म्हणजे उडती बोट. पोटावर तरंगणारी, पाण्यावरून उठणारी, पाण्यावर उतरणारी. २२ नोव्हेंबर १९३५ रोजी ‘चायना क्लिपर’ सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या अलामेडाहून टपाल घेऊन निघाली आणि २९ तारखेला मनिलाला पोचली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात प्रवासी नेऊ लागले. मनिलापर्यंतचं एकेरी भाडं ७९९ डॉलर होतं. त्या काळच्या अमेरिकेत तेवढ्यात नवी मोटार येत असे. १९३९ पर्यंत कंपनीचा तळ अलामेडाहून ट्रेझर आयलंडवर हलला होता. हे बेट खाडीत भराव टाकून केलेलं. तिथे त्या वर्षी जागतिक प्रदर्शन भरलं होतं आणि प्रदर्शन संपल्यावर तिथे शहराचा विमानतळ करायचा बेत होता. युद्ध आलं, नौदलाने बेट घेतलं, बेत बारगळला. आज आपली मुलं ज्या विमानतळावर उतरतात तो खाडीच्या दुसऱ्या अंगाला, दक्षिणेकडे आहे.

ट्रेझर आयलंडहून दुपारी निघालं की रात्रभर उडून सकाळी होनोलुलू. साधारण ३,८५० किलोमीटरचा हा टप्पा सगळ्यात अवघड, कारण मध्ये काहीही नाही. होनोलुलू ते मिडवे २,१००, मिडवे ते वेक १,९००, वेक ते गुआम २,४००, गुआम ते मनिला अडीच हजारांच्या पुढे, आणि मनिलाहून हाँगकाँग ११०० च्या आसपास. दिवसा उडायचं, संध्याकाळी बेटावर उतरायचं, हॉटेलात जेवायचं, झोपायचं, पहाटे पुन्हा बोटीत. मिडवे आणि वेक यांच्या मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा, त्यामुळे पंचांगातला एक दिवस तिथे गडप व्हायचा. एकादशी नेमकी त्याच दिवशी आली तर काय, हा प्रश्न आपल्याकडच्या शास्त्र्यांपुढे तेव्हा कुणी ठेवल्याचं ऐकिवात नाही.

होनोलुलू आणि मनिला ही मोठी बंदरं होतीच. मिडवेला १९०३ पासून समुद्री तारेचं ठाणं होतं. पण वेक? वेक हे तीन तुकड्यांचं प्रवाळबेट. माणूस नाही, गोड्या पाण्याचा झरा नाही, सावलीला धड झाड नाही. १९३५ च्या आरंभी कुणी त्याला गाव म्हटलं असतं तर लोक हसले असते. पण होनोलुलू-गुआम अंतर त्या विमानांना झेपत नव्हतं आणि वेक बरोबर वाटेत होतं. कंपनीने ‘नॉर्थ हेवन’ नावाचं जहाज भाड्याने घेतलं, त्यात घरांचे तयार भाग, विजेची जनित्रं, बिनतारी यंत्रं, पाण्याच्या टाक्या भरल्या आणि माणसं पाठवली. बोट उतरायला खाजणात मोकळं पाणी हवं, म्हणून प्रवाळाचे सुळके सुरुंगाने उडवले. पावसाचं पाणी साठवलं. हॉटेल उभं केलं. माती नाही म्हणून खनिजद्रव्यं घातलेल्या पाण्यात भाजी पिकवली. जमिनीखालचं काही नको म्हणणाऱ्या जैन प्रवाशाला अशी बाग सोयीचीच म्हणायची!

आणि या थाटामागे धोका किती होता तेही सांगायला हवं. मार्टिन कंपनीच्या तीन मोठ्या क्लिपरांपैकी ‘हवाई क्लिपर’ २८ जुलै १९३८ रोजी गुआम-मनिला टप्प्यावर पंधरा माणसांसह नाहीशी झाली. आजतागायत तिचा पत्ता नाही. वालचंद त्याच वाटेवरून आले ते त्यानंतर सव्वा-दीड वर्षातच. छपन्न-सत्तावन्न वर्षांचा माणूस, कारखान्याची एक बोलणी करून परततो आहे आणि विमानात बसल्याबसल्या दुसऱ्या कारखान्याची बोलणी सुरू करतो आहे. मला या माणसाचं हे फार आवडतं.

शेजारी होते विल्यम पॉली. अमेरिकन विमानं चीनला विकणारे, आणि चीन-ब्रह्मदेश सीमेवर लोइविंग इथे विमानांचा कारखाना चालवणारे. युद्ध सुरू झालेलं. ब्रिटनला स्वतःलाच विमानं पुरत नव्हती. हिंदुस्थानात विमानं का बनू नयेत, हा प्रश्न वालचंदांनी त्यांना घातला आणि त्यातून पुढचं सगळं घडलं. आजच्या सतरा तासांत शेजाऱ्याशी कोण बोलतं, कानात बोंडं घालून बसतात, असा सूर मी लावणार नाही. वालचंदांसारखा माणूस आजच्या विमानातही बोललाच असता. शेजारी पॉली असता की नाही, एवढाच प्रश्न.

सरकारी मंजुरी मिळेपर्यंत १९४० चा उन्हाळा उलटला. जागा कुठली? म्हैसूर संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी हात पुढे केला. संस्थानाकडे देण्यासारखं बरंच होतं. शिवनसमुद्राची वीज १९०२ पासून वाहत होती. भद्रावतीला लोखंड होतं. बेंगळुरूत १९०९ पासून टाटांची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स होती. हवा थंड, समुद्र दूर, म्हणजे शत्रूच्या आरमारापासूनही दूर. शहराच्या पूर्वेला मोकळी जमीन होती, ती संस्थानाने दिली आणि भांडवलातही वाटा उचलला. २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी, म्हणजेच पुढची एचएएल, स्थापन झाली. पॉलींनी अमेरिकेतून यंत्रसामग्री आणली, माणसं आणली. ऑगस्ट १९४१ मध्ये इथे जुळणी केलेलं पहिलं विमान उडालं, हार्लो जातीचं, शिकाऊ वैमानिकांसाठीचं. विमान बनवलं की ते उडवून पाहायला धावपट्टी लागते. आपल्या ‘ओल्ड एअरपोर्ट’चं मूळ हे.

बेंगळुरू तोवर कुठल्याही हवाई वाटेवर नव्हतं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन आले. जुहूहून नेव्हिल व्हिन्सेंट ते मद्रासला घेऊन गेले. मध्ये मुक्काम कुठे? बळ्ळारीला. मुंबई-मद्रास रेषेवर पट्टी ठेवा, ती बेंगळुरूला शिवत नाही. जुहूचं मैदान तर पावसाळ्यात चिखलात जायचं, तेव्हा टाटांचं बिऱ्हाड पुण्याला येरवड्याला हलायचं. इंपीरियल एअरवेजची लंडनहून येणारी वाट १९२९ मध्ये कराचीपर्यंत आली, पुढे कलकत्त्याकडे वळली. १९३८ पासून त्यांच्या उडत्या बोटी राजसमंदच्या तलावावर आणि ग्वाल्हेरला उतरत. इराणी आखाताच्या बाजूने येताना त्यांचे थांबे जास्क, ग्वादर, १९३२ पासून शारजा. शारजाला तेव्हा वाळवंटात तटबंदीचं एक विश्रामगृह होतं, प्रवाशांनी रात्र काढावी म्हणून. या साऱ्या नावांत आपलं गाव कुठेच नाही. गावाला समुद्र नव्हता, मोठी नदी नव्हती, आणि कुठल्याही दोन मोठ्या शहरांच्या अर्ध्या वाटेवर ते पडत नव्हतं.

मला जे सांगायचं आहे ते हेच. जगातले कितीतरी जुने विमानतळ तयार झाले ते विमानांना वाटेत थांबावं लागे म्हणून. बेंगळुरूचा तयार झाला तो विमानं इथे बनायची, दुरुस्त व्हायची म्हणून. या फरकाने दोघांचं नशीबही वेगळं झालं.

वेकचं काय झालं पाहा. डिसेंबर १९४१ मध्ये, पर्ल हार्बरनंतर काही तासांतच, जपानी विमानांनी वेकवर बॉम्ब टाकले. ‘फिलिपाइन क्लिपर’ तेव्हा तिथेच उभी होती. गोळ्यांनी चाळण झालेल्या त्या बोटीत प्रवासी आणि कंपनीची माणसं भरून वैमानिकांनी ती कशीबशी उडवली. हॉटेल, बाग, टाक्या सगळं गेलं. अमेरिकी तुकडीने दोन आठवडे बेट लढवलं आणि ते पडलं २३ डिसेंबरला, म्हणजे बेंगळुरूच्या कंपनीला वर्ष पूर्ण झालं त्याच दिवशी. तारखांच्या योगायोगातून अर्थ काढायचा मला सोस नाही. पण ज्या वाटेवर ती कंपनी सुचली, ती वाट कंपनीच्या पहिल्या वाढदिवशी तुटलेली होती, हे विसरताही येत नाही.

बेंगळुरूला युद्धाने वेगळं काम दिलं. भारत सरकारने एप्रिल १९४१ मध्ये पंचवीस लाख रुपये घालून एक तृतीयांश हिस्सा घेतला होता. पुढच्या वर्षी जपानी फौजा ब्रह्मदेशात आल्यावर सरकारने सगळा कारखानाच ताब्यात घेतला. वालचंदांना भरपाई मिळाली आणि ते बाहेर पडले. त्यांना विमानं बनवायची होती, सरकारला दुरुस्ती हवी होती. १९४३ मध्ये कारखाना अमेरिकी लष्करी हवाई दलाकडे गेला आणि पूर्वेच्या आघाडीवरची मोडकी विमानं इथे येऊ लागली. त्यांत कॅटालिना जातीच्या उडत्या बोटीही होत्या. त्या उतरायच्या बेळ्ळंदूर तळ्यात. होय, त्याच बेळ्ळंदूरमध्ये. अलीकडे आपण त्या तळ्यातून फेस रस्त्यावर उडताना पाहिला आणि पाण्यावर आग लागलेलीही पाहिली. तिथे एके काळी युद्धातली विमानं आरामात पाण्याला टेकत असत, हे आज आउटर रिंग रोडवर खोळंबलेल्या कुणा तरुणाला सांगितलं तर तो माझ्याकडे करुणेने बघेल.

या कारखान्यातल्या मराठी माणसांची यादी मोठी आहे. मी एकाच नावापाशी थांबतो. डॉ. विष्णु माधव घाटगे. जन्म १९०८, कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपूचा. जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्यापाशी शिकले. विमानाच्या पंखावरून हवा कशी वाहते याचं आजचं शास्त्र ज्यांच्या नावाशी जोडलेलं आहे ते हे प्रांट्ल. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये १९४२ साली वैमानिकीचा विभाग सुरू झाला, तिथे घाटगे शिकवत. आणि ऑगस्ट १९५१ मध्ये ओल्ड एअरपोर्टच्या धावपट्टीवरून त्यांच्या मार्गदर्शनाखाली आखलेलं एचटी-२ हे दोन आसनी शिकाऊ विमान उडालं. भारतात आखलेलं आणि भारतात मोठ्या संख्येने बनलेलं हे पहिलं विमान म्हणता येईल. दीडशेच्या वर बनली. घाना स्वतंत्र झाल्यावर तिथल्या नव्या हवाई दलाने बारा घेतली. म्हणजे आफ्रिकेतल्या एका देशाची मुलं ज्या विमानावर उडायला शिकली ते बेंगळुरूला, एका हसूरचंपूकराच्या हाताखाली आखलेलं होतं. वैमानिक होण्याची स्वप्नं पाहणाऱ्या आपल्या नातवंडांना हे विमान दाखवायचं असेल तर ओल्ड एअरपोर्ट रोडवरच्या एचएएलच्या संग्रहालयात घेऊन जा. तिथे मारुत आणि किरण ही विमानंही आहेत. कॉफीही बरी मिळते.

कारखान्याच्या धावपट्टीवर नागरी विमानं उतरू लागली ती पाहुण्यासारखी. तीच धावपट्टी, लष्करी उड्डाणचाचण्या चालू असताना वेळ काढून दिलेली. ऐंशी-नव्वदच्या दशकांत शहर बदललं. संगणकाच्या कंपन्या आल्या. २००१ मध्ये लुफ्तान्झाने फ्रँकफर्टहून थेट विमान सुरू केलं, तेव्हा आपल्यापैकी कित्येकांचं मुंबईला जाऊन रात्र काढणं सुटलं. सहार विमानतळाबाहेर मामाकडे, आत्याकडे टाकलेला तो मुक्काम, पहाटे तीनची टॅक्सी, भाजणीच्या पिशव्यांचं वजन घरच्या तराजूवर... ते सगळं एका उड्डाणाने संपलं असं म्हणत नाही, कमी झालं. टर्मिनलची इमारत मात्र लहान होती आणि तिच्या कितीतरी पट माणसं येऊ लागली होती. भोवती गाव इतकं दाटलेलं की वाढायला जागा नाही.

२३ आणि २४ मे २००८ च्या मधल्या रात्री प्रवासी विमानं तिथली बंद होऊन देवनहळ्ळीला गेली. तेव्हा शहरात केवढा गदारोळ झाला होता हे तुम्हाला आठवत असेल. शहरापासून जवळजवळ चाळीस किलोमीटर, रस्ता अर्धवट, हेब्बाळच्या पुलावर कोंडी. जुना चालू ठेवा म्हणून मोर्चे, अर्ज, खटले. पण करारच असा होता की नव्या विमानतळाच्या दीडशे किलोमीटरच्या आत पंचवीस वर्षं दुसरा आंतरराष्ट्रीय विमानतळ चालवायचा नाही. मला तेव्हा हा करार जुलमी वाटत होता. आता वाटतं, एवढं भांडवल घालणारा माणूस हेच मागणार. चूक झाली असेल तर रस्ता आणि रेल्वे आधी न करण्याची. विमानतळाची वायुवज्र बस आली, उड्डाणपूल झाले. मेट्रोची वाट आपण अजून पाहतो आहोत.

देवनहळ्ळीची जागा समुद्रसपाटीपासून ९१५ मीटर उंचीवर आहे. हवा विरळ, त्यामुळे पंखाला उचल कमी आणि इंजिनाला जोर कमी. तेच विमान सॅन फ्रान्सिस्कोहून, समुद्राला लागून, जेवढं ओझं घेऊन उठेल तेवढं इथून उठणार नाही. सतरा तासांचं इंधन म्हणजे विमानाच्या वजनातला फार मोठा वाटा. म्हणून इथल्या दोन्ही धावपट्ट्या चार-चार हजार मीटरच्या आहेत. दुसरी डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. दुसऱ्या टर्मिनलचं उद्घाटन नोव्हेंबर २०२२ मध्ये झालं, बांबूचं छत आणि लटकत्या बागा असलेलं. त्याच दिवशी शहराचे संस्थापक नाडप्रभू केंपेगौडा यांच्या १०८ फुटी पुतळ्याचंही अनावरण झालं. तो पुतळा घडवणारे राम सुतार धुळ्याजवळच्या गोंदूरचे. टर्मिनलबद्दल माझं मत विचाराल तर इमारत देखणी आहे, चालणं फार आहे. व्हीलचेअर मागणाऱ्या आजी-आजोबांना कुणी हसू नये.

आता वर मी म्हटलं होतं की विमान उतरत नाही अशा विमानतळांच्या आधाराने उडतं. ते कसं?

दोन इंजिनांच्या विमानाला एक नियम लागू असतो. एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या एकावर ठरावीक मिनिटांत कुठल्यातरी चालू विमानतळावर पोचता आलं पाहिजे. पूर्वी ही मर्यादा एक तासाची होती, १९८५ मध्ये दोन तासांपर्यंत वाढली, बोइंग ७७७ ला पुढे तीन तास आणि त्याहूनही जास्त मिळाली. म्हणजे ध्रुवावरून जाणाऱ्या विमानाच्या कागदांत अलास्कातली, कॅनडाच्या उत्तरेची, सैबेरियातली आणि रशियाच्या अतिपूर्वेची नावं लिहिलेली असतात: फेअरबँक्स, इकालुइट, नोरिल्स्क, याकुत्स्क, मगदान. तिथली धावपट्टी बर्फातून मोकळी आहे का, इंधन आहे का, तीनशे माणसांना उणे तीस तापमानात कुठे ठेवता येईल, हे निघण्याआधी पाहिलं जातं. ध्रुवीय मार्गावर विमानात कडाक्याच्या थंडीचे खास पोशाखही ठेवावे लागतात, बाहेर उतरून काम करावं लागणाऱ्यासाठी. इंधनाची आणखी एक गंमत. अमेरिकेत साधारणपणे जे विमान-इंधन मिळतं ते उणे ४० अंशांना गोठू लागतं, बाहेर बहुतेक ठिकाणी मिळतं ते उणे ४७ ला. वर हवा त्याहूनही थंड असू शकते. म्हणून टाकीतलं तापमान वैमानिक सारखं पाहतात, आणि फार उतरलं तर विमान थोडं खाली आणतात किंवा वेग वाढवतात.

हे कागदावरचे विमानतळ कधी खरे होतात याचा दाखला जून २०२३ मध्ये मिळाला. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एअर इंडियाचं ७७७ इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेला मगदानला उतरलं. २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी. मगदान म्हणजे स्टालिनच्या काळात कोलिमाच्या छावण्यांकडे कैदी नेण्याचं बंदर. गावात एवढ्या माणसांसाठी हॉटेलं नव्हती. वसतिगृहांत, शाळेत गाद्या टाकून त्यांची सोय झाली. भाषा कळत नव्हती, जेवण जमत नव्हतं. दुसरं विमान पाठवून सगळ्यांना पुढे नेलं गेलं. वेकच्या हॉटेलातला प्रवासी निदान ठरवून थांबलेला असायचा.

आणि वेक, मिडवे? तेही आहेत. मिडवेवर आता पक्ष्यांचं अभयारण्य आहे, आल्बट्रॉस पक्षी लाखोंनी येतात, पण धावपट्टी राखून ठेवलेली आहे. पॅसिफिक ओलांडणारी दोन इंजिनांची विमानं तिचं नाव कागदावर घेऊन उडतात. ज्या बेटांवर १९३९ मध्ये थांबल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, ती आज कधीही न थांबण्याच्या आशेवर राखली जातात. त्यांचा खर्च कुणी करायचा यावर अमेरिकेत अधूनमधून वाद होतो.

लांब पल्ल्याच्या थेट उड्डाणाचं आयुष्यही तकलादू असतं, हे विसरू नका. आपलं सॅन फ्रान्सिस्कोचं विमान मध्ये बंद पडलं, डिसेंबर २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालं. इंधनाचा भाव, विमानांची उपलब्धता आणि कुठल्या देशाचं आकाश कुणाला खुलं आहे, या तिन्हींवर ते टांगलेलं असतं. युक्रेनच्या युद्धानंतर अमेरिकी कंपन्यांना रशियावरून जाता येईना, एअर इंडिया जात राहिली. उद्या उलटंही होईल. दुबई, फ्रँकफर्ट यांसारखे थांबे म्हणून टिकून आहेत. त्यांनी थांबण्याचाच धंदा केला आहे. आपल्याकडेही बेंगळुरूला असंच ‘हब’ करायची भाषा हल्ली ऐकू येते. व्हावं, माझी हरकत नाही. पण या गावाकडे विमानं आली ती इथे काम होतं म्हणून, आणि कामासाठी आलेला माणूस गावाबाहेरच्या लाउंजमध्ये तीन तास बसून पुढे जात नाही, तो गावात शिरतो, भाड्याचं घर बघतो, मंडळाची वर्गणी भरतो. मला असा विमानतळ अधिक आवडतो.

आता पुढचा वाद येऊ घातला आहे. दीडशे किलोमीटरची अट २०३३ मध्ये संपते. कर्नाटक सरकारने दुसऱ्या विमानतळासाठी कनकपुरा रस्त्याकडच्या आणि नेलमंगल-कुणिगल रस्त्याकडच्या जागा पाहायला घेतल्या आहेत. तमिळनाडूने होसूरला विमानतळाची घोषणा केली आहे. ओल्ड एअरपोर्ट पुन्हा उघडा म्हणणारेही गप्प बसलेले नाहीत. यांपैकी कुठल्या बाजूला जमीन घ्यावी, असं आज संध्याकाळी चहाच्या वेळी मला चौघांनी विचारलं. मी विमानतळांचा अभ्यासक आहे, दलाल नव्हे. तो प्रश्न मंडळाच्या खजिनदारांना विचारावा, त्यांनी नेलमंगलला घेऊन ठेवली आहे.